आमचा कॉम्बो ड्राइव्ह

घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या यंदा टाकून द्यावयाच्याच असें दर दिवाळीस ठरतें, आणि दर दिवाळीस त्या पुन्हां आपल्या जुन्या पेटींत जाऊन बसतात. आमच्या घरीं अशा वस्तूंसाठीं एक पत्र्याची पेटीच आहे. तींत एका चष्म्याची काडी आहे, तीन कुलपें व सहा किल्ल्या आहेत (त्या सहांपैकीं एकही त्या तिहींस लागत नाहीं), बंद पडलेलें एक गजराचें घड्याळ आहे, आणि तळाशीं वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, राखी रंगाची, विटेहून रुंद व चपटी अशी एक लोखंडी डबी आहे. गेल्या दिवाळीच्या आधीं साफसफाई चालली असतां आमची कन्या, जी सध्यां याच शाळेंत नववींत शिकत आहे, त्या पेटीपाशीं जाऊन बसली, आणि ती डबी वर काढून तिनें विचारलें, "बाबा, हें भंगारांत देऊं का?"

"नको, नको! खालीं ठेव तें!" असें आम्ही इतक्या मोठ्यानें ओरडलों कीं, आमच्या सौभाग्यवती चकलीचा सोऱ्या हातांत घेऊनच स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या.

एका लोखंडी डबीवर एवढा जीव कां असावा, हें त्या दोघींस सांगतां सांगतां आमची ती संध्याकाळ गेली. तेंच येथें लिहीत आहों.

त्या डबीचें नांव कॉम्बो ड्राइव्ह. हल्लींच्या बहुतेक संगणकांस तबकडी घालावयास जागाच नसते, म्हणून आमच्या तरुण वाचकांसाठीं चार शब्द अधिक लिहावे लागतील. त्यांच्या आईबापांनीं ते ओलांडून गेलें तरी चालेल.

ज्या चकचकीत तबकडीस आपण सी.डी. म्हणतों, ती हॉलंडांतील फिलिप्स व जपानांतील सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केली व 1982 सालीं ती बाजारांत आली. तिचा व्यास 12 सेंटिमीटर व जाडी 1.2 मिलिमीटर. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें हिच्यावरही वेढे घेत जाणारी एकच एक रेषा असते. मात्र ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत येते, आणि येथील प्रकाशकिरण आंतून बाहेर जातो. शेजारच्या दोन वेढ्यांत अवघें 1.6 मायक्रॉनांचें अंतर, म्हणजे एका मिलिमीटरांत सहाशेंहून अधिक वेढे बसतात. ती सगळी रेषा उलगडून सरळ केली तर पांच किलोमीटरांहून लांब भरेल. ती वाचणारा लेसर 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो व तो डोळ्यांस दिसत नाहीं. पुढें 1996 सालीं जपानांत डी.व्ही.डी. निघाली. आकार तोच, परंतु वेढे 0.74 मायक्रॉनांवर आणून बसविलेले, आणि वाचणारा किरण 650 नॅनोमीटरांचा, तांबडा. म्हणूनच सी.डी.वर जेथें 700 एम.बी. मजकूर मावतो, तेथें डी.व्ही.डी.च्या एका थरावर 4.7 जी.बी. मावतो. दोहोंस दोन निराळे किरण लागतात. तेव्हां एकाच डबींत दोन्ही दिवे घालून, एकानें सी.डी. लिहावी व वाचावी आणि दुसऱ्यानें डी.व्ही.डी. वाचावी, अशी जी योजना झाली तिला कॉम्बो ड्राइव्ह म्हणत. डी.व्ही.डी. वाचावी एवढेंच आम्हीं म्हटलें आहे, लिहावी असें म्हटलेलें नाहीं. हा भेद आम्हांसही पैसे मोजून घरीं आल्यावर कळला.

असो. आतां मूळ हकीकत.

आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, जात्यावर बसली म्हणजे ओव्या म्हणे. 1994 सालच्या थंडींत आमचे धाकटे काका मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन गांवीं आले होते. त्यांनीं एके दिवशीं पहाटे, आजीस न सांगतां, तो जात्यामागें कणगीच्या आडोशास ठेवून दिला. कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत तिला पत्ता लागला नाहीं. बाजू संपतांच यंत्रानें खट्ट आवाज केला आणि काकांची चोरी उघडकीस आली. आजी प्रथम फार रागावली. मग म्हणाली, "ऐकायचंच आहे तर नीट ऐका," आणि दुसरी बाजू तिनें सावकाश, मन लावून म्हटली. शेवटच्या ओवींत तिनें आपल्या सर्व नातवंडांचीं नांवें एकापाठोपाठ गुंफलीं. त्यांत आमचेंही होतें. 1998 सालीं आजी गेली.

2004 सालीं आम्ही नगरास राहत होतों. तोंपर्यंत ती कॅसेट घरांतील प्रत्येक सणावाराला लावून लावून थकली होती. फीत मधेंच रेंगाळे व आजीचा आवाज पुरुषासारखा घोगरा होई. मातोश्रींच्या तें मनास लागे. "हिचं काही तरी कर बाबा," असें त्या प्रत्येक वेळीं म्हणत. आमच्यापाशीं 1999 सालीं घेतलेला एक संगणक होता. त्याची साठवण 4.3 जी.बी. होती. आज हातांतल्या साध्या फोनांत याच्या तीसपट असते, परंतु त्या काळीं शेजारीपाजारी तो मुद्दाम पाहावयास येत. त्याच्या अंगीं तबकडी वाचण्याची शक्ति होती, लिहिण्याची नव्हती. ती आणावी असें ठरवून दिवाळीच्या सुटींत आम्ही पुण्यास गेलों व तपकीर गल्लींत शिरलों.

दुकानदारानें आम्हांपुढें खोकें ठेवलें. त्यावर 52, 32, 52, 16 असे चार आंकडे गुणाकाराच्या चिन्हांनीं जोडून छापले होते. आम्हीं तो गुणाकार मनांत करूनही पाहिला. वस्तुतः त्यांचा गुणाकार करावयाचा नसतो. पहिला आंकडा सी.डी. लिहिण्याच्या वेगाचा, दुसरा पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या सी.डी.च्या लेखनाचा, तिसरा सी.डी. वाचण्याचा व चौथा डी.व्ही.डी. वाचण्याचा. सी.डी.चा एकपट वेग म्हणजे सेकंदास 150 के.बी., आणि डी.व्ही.डी.चा एकपट त्याच्या सुमारें नऊपट. हें सर्व आम्हीं पुढें वाचून काढलें. दुकानांत आम्हीं एवढेंच विचारलें, "यावर डी.व्ही.डी. होईल ना?" दुकानदार म्हणाला, "सगळं होतं, साहेब." तो खोटें बोलला असें म्हणवत नाहीं. आमचा प्रश्नच मोघम होता. परंतु त्या उत्तराच्या बळावर आम्हीं दोन मेहुण्यांस त्यांच्या लग्नाच्या चित्रफितीची डी.व्ही.डी. करून देण्याचें वचन दिलें, तें आजतागायत पुरें झालेलें नाहीं.

घरीं आल्यावर संगणकाचें पोट उघडण्याचा प्रसंग आला. खोक्यांतील कागदावर लिहिलें होतें कीं, प्रथम विजेची दोरी काढावी, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी. आम्हीं पत्र्यास इतक्या वेळां हात लावला कीं, आमचे वडील म्हणाले, "देवाला लावतोस तसा काय लावतोस?" डबीच्या पाठीमागें तीन गोष्टी होत्या. एक चार दांत्यांची विजेची जागा: तींत पिवळ्या तारेनें 12 व्होल्ट व तांबड्या तारेनें 5 व्होल्ट येतात, मधल्या दोन काळ्या जमिनीच्या. दुसरी, मजकुराच्या रुंद पट्टीची 40 टांचण्यांची जागा. पट्टीच्या एका कडेस तांबडी रेघ असते, ती विजेच्या बाजूस यावी लागते. तिसरी गोष्ट म्हणजे जंपर. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा हा प्लास्टिकचा तुकडा, आंत धातूची चाप असलेला, दोन टांचण्यांवर बसवावयाचा. एका पट्टीवर दोन यंत्रें जोडलीं असतां त्यांतील एकास मालक व दुसऱ्यास गुलाम ठरवावें लागे, आणि तें ठरविणारा हा तुकडा. इंग्रजींतले शब्दही तेच होते, मास्टर आणि स्लेव्ह. यंत्रांस असलीं नांवें कोणी दिलीं असतील तीं असोत, आम्हांस तीं तेव्हांही आवडलीं नव्हतीं.

आम्हीं जंपरास हात लावला नाहीं. डबी खणांत सरकवली, चार स्क्रू पिळले, पट्टी लावली आणि कळ दाबली. संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक पांढरी खूण लुकलुकत राहिली, बस्स. अर्धा तास वाट पाहून पुण्यास आमच्या मावसभावास फोन केला. तो तेव्हां अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत होता. त्यानें सगळें ऐकून घेतलें व विचारलें, "दादा, जुना ड्राइव्ह कोणत्या पट्टीवर आहे?" आम्ही म्हणालों, त्याच पट्टीवर. "मग दोघेही मास्टर आहेत. एकाला तरी स्लेव्ह करा." दोन मालक एका दोरींत बांधले होते, आणि दोघांपैकीं एकही हलेना. आमच्या वडिलांनीं तें ऐकून आमच्या एका जुन्या भाऊबंदकीच्या खटल्याचा दाखला दिला, तो येथें सांगण्याजोगा नाहीं. नव्या डबीचा जंपर आम्हीं भुवया उपटण्याच्या चिमट्यानें काढून गुलामाच्या जागीं बसविला. संगणक तत्काळ जागा झाला. ही जंपराची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

डी.व्ही.डी. पाहण्याची हौस पहिल्या महिन्यांत भागली नाहीं. चित्र अडखळत चाले, पात्राचे ओठ आधीं हलत व शब्द मागाहून येत. नाताळच्या सुटींत मावसभाऊ घरीं आला, त्यानें विंडोज 98 च्या एका खिडकींत डी.एम.ए. या अक्षरांपुढील चौकोनांत खूण केली, आणि चित्र पाण्यासारखें वाहूं लागलें. त्यानें समजावून सांगितलें तें असें: खूण नसतांना ड्राइव्हमधून येणारें प्रत्येक पोतें संगणकाचा मुख्य कारभारी स्वतःच्या पाठीवर वाहून कोठारांत टाकीत होता. आतां हमाल तीं परस्पर कोठारांत टाकतात व कारभारी आपलें काम पाहतो. त्याच सुटींत अमेरिकेहून आलेल्या एका नातलगानें मुलांसाठीं एक डी.व्ही.डी. आणली. ती लावतांच कळलें कीं, या तबकड्यांसाठीं जगाचे भाग पाडलेले असून अमेरिका पहिल्या भागांत व हिंदुस्थान पांचव्या भागांत येतो. ड्राइव्हचा भाग बदलतां येतो, पण फक्त पांच वेळां. मग तो कायमचा तेथेंच राहतो. मुलांच्या हट्टापायीं आम्ही दोन दिवसांत दोन वेळां अमेरिकेस जाऊन आलों आणि पांचवी खेप शिल्लक ठेवून ती तबकडी कुलपांत टाकली.

खरें काम 1905 च्या नव्हे, 2005 च्या मे महिन्यांत झालें. (हात अजून जुन्या शतकाकडे वळतो, त्यास इलाज नाहीं.) टेपरेकॉर्डरच्या कानांत एका तारेचें टोंक व संगणकाच्या पाठीमागें दुसरें टोंक खोवून आम्हीं कॅसेट लावली. तारेंतून केवळ फितीवरचाच आवाज जातो, बाहेरचा जात नाहीं, हें हजार वेळां सांगूनही मातोश्रींनीं तासभर घरांत कोणास बोलूं दिलें नाहीं, व कुकर दुपारनंतर लावला. साठ मिनिटांच्या ध्वनीनें सुमारें 600 एम.बी. जागा खाल्ली. ती करावयास आम्हांस आधीं निम्मा संगणक रिकामा करावा लागला होता. मग त्या ध्वनीचे आम्हीं सतरा तुकडे केले. दळण थांबून आजीनें पुन्हां घांस घातला कीं तेथें एक तुकडा, असा हिशेब.

ड्राइव्हबरोबर नीरो नांवाचा लेखनाचा प्रोग्रॅम आला होता. त्याचें पूर्ण नांव नीरो बर्निंग रॉम. रोम जाळल्याचा प्रवाद ज्याच्याविषयीं आहे तो बादशहा विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच, तेव्हां श्लेष सांगत नाहीं. जळतें मात्र खरोखरच. छापील सी.डी.वर खळगे ठोकलेले असतात, परंतु लिहावयाच्या कोऱ्या तबकडींत रंगाचा एक थर असतो. लेसर आपली शक्ति वाढवून त्या थरास ठिपक्याठिपक्यानें भाजतो. भाजलेला ठिपका पुन्हां कोरा होत नाहीं. पाटीवर लिहिलेलें पुसतां येतें, गोंदलेलें पुसतां येत नाहीं, त्यांतला हा प्रकार. शिवाय गिरणीप्रमाणें वरून दाणा अखंड पडत राहिला पाहिजे. मजकूर येण्यास खंड पडला तर पूर्वीचे ड्राइव्ह तबकडी नासवून बसत. 2000 सालापासून किरण मधेंच थांबवून पुन्हां तेथूनच सुरू करण्याची युक्ति निघाली व ती आमच्या डबींत होती. तरी विजेच्या खात्यापुढें तिचें कांहीं चालत नसे.

आम्हीं दहा कोऱ्या तबकड्या आणल्या होत्या. पहिलीवर ते सतरा तुकडे आम्हीं साध्या फायली म्हणून चढविले. संगणकावर त्या उत्तम वाजत, परंतु गाण्याच्या साध्या यंत्रांत ती तबकडी घातली असतां यंत्र मुकें राहिलें, कारण गाण्याची सी.डी. लिहिण्याची रीत निराळी असते. पहिली तबकडी वाया गेली असें समजून आम्हीं ती गॅलरींत पारव्यांना भिववावयास दोऱ्यानें टांगली. दुसरी लिहीत असतां नवव्या ओवीवर भारनियमन आलें. वेळापत्रकाप्रमाणें तें दुपारीं तीनला यावयाचें, तें पावणेतीनला आलें. तबकडी आंत अडकली, ती बाहेर काढावयास डबीच्या तोंडावर एक बारीक छिद्र असतें. त्यांत कागदाची सरळ केलेली क्लिप घालून ढकललें कीं खण थोडा पुढें येतो. दुसरीही गॅलरींत गेली. तिसऱ्या वेळीं पहाटे चारला उठलों. वेग बावन्न असूनही आठवर ठेवला, आणि दहा मिनिटांत खण आपोआप उघडून एक ऊन ऊन तबकडी बाहेर आली. भाकरी तव्यावरून उतरावी तशी आम्हीं ती दोन बोटांनीं उचलली. यंत्रांत घातली. प्रथम जात्याची घरघर, आणि मग आजी. मातोश्री अंथरुणावर उठून बसल्या होत्या. आवाज घोगरा नव्हता. जेथें फीत रेंगाळली होती ती जागा आम्हीं आधींच सुधारून घेतली होती.

त्याच दिवशीं काकांसाठीं एक प्रत केली. आपल्या प्रतीवर आम्हीं नीट बॉलपेननें, कडेच्या गोलाईस धरून, लिहिलें: आजीच्या ओव्या. अक्षर उठावें म्हणून दोनदां गिरविलें.

यानंतर आम्हीं जें केलें तें लिहावयास संकोच वाटतो. जागा हवी म्हणून संगणकांतील ध्वनि पुसून टाकला. 2007 सालीं घर बदलतांना टेपरेकॉर्डर व कॅसेटींचें खोकें भंगारवाल्यास दिलें. त्यांत ती कॅसेटही होती, हें ठाऊक असून दिलें. तबकडी आहे ना! तबकडी झिजत नाहीं, तिला सुई लागत नाहीं, ती शंभर वर्षें टिकते असें जिकडेतिकडे वाचलेलें होतें. मातोश्री मात्र म्हणाल्या होत्या, "राहूं दे की एक कोपऱ्यांत, काय खातीय?" आम्हीं त्यांस समजावून सांगितलें. समजावून सांगण्याची विद्या आमच्या अंगीं फार.

काकांची प्रत आधीं गेली. त्यांनीं तिच्यावर हौसेनें कागदी चिठ्ठी चिकटविली होती व ती मोटारींत ठेवली होती. चिठ्ठीचा डिंक व मुंबईचें ऊन, दोहोंनीं मिळून तिचा निकाल लावला. आमची कपाटांत सुरक्षित होती. 2019 सालीं वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं ती बाहेर काढली व नव्या संगणकास बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह आणून त्यांत घातली. ड्राइव्ह घुमला, थांबला, पुन्हां घुमला, आणि आंत कांहीं नाहीं असें त्यानें सांगितलें. त्या दिवशीं आम्ही थोडा अभ्यास केला. तो चौदा वर्षें आधीं करावयास हवा होता. सी.डी.चा मजकूर खालच्या चकचकीत बाजूस असतो असें आपण समजतों व ती बाजू जपतों. वस्तुतः तो वरच्या, नांव लिहावयाच्या बाजूला अगदीं चिकटून असतो. मधें केवळ लाखेसारखा एक पातळ लेप. खालीं मिलिमीटरभर जाड प्लास्टिकची ढाल, आणि वर जवळजवळ कांहींच नाहीं. आम्हीं बॉलपेनाच्या टोंकानें, दोनदां गिरवून, आजीचें नांव आजीच्याच आवाजावर कोरलें होतें.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ध्वनीच्या सी.डी.वर चुका दुरुस्त करण्याची जी सोय असते, तिच्यावर आणखी एक सोय फायलींच्या सी.डी.वर असते. प्रत्येक 2352 बाइटांच्या घरांत 2048 मजकुराचे ठेवून 276 केवळ या जादा दुरुस्तीसाठीं राखलेले असतात. म्हणजे फायलींची ती पहिली तबकडी अधिक टिकण्याजोगी होती. ती आम्हीं पारव्यांसाठीं टांगली. पारवे तिला भ्याले नाहींत, पुढें पावसानें दोरा तुटून ती कोठें गेली तेंही कळलें नाहीं.

हें सगळें ऐकून आमची कन्या कांहीं वेळ गप्प बसली. डबी तिच्या मांडीवरच होती. मग ती म्हणाली, "बाबा, पण ज्यानं लिहिलं त्याला वाचता येत असेल तर? तुमचं अक्षर सरांना लागत नाही, तुम्हांला लागतं, तसं." हें आम्हांस वीस वर्षांत सुचलें नव्हतें. डबी आम्हीं केवळ आठवण म्हणून जपली होती.

तसल्या जुन्या पट्टीस नव्या संगणकाशीं जोडणारें एक उपकरण मिळतें, त्यास विजेचा निराळा डबा असतो. तें मागविलें. भाऊबिजेच्या रात्रीं जेवणें उरकल्यावर आम्ही दोघें बसलों. डबीचा दिवा लागला, खण उघडला, परंतु संगणक तिची ओळख मानीना. दोन तास गेले. शेवटीं कन्येनें डबीच्या पाठीशीं विजेरी धरून विचारलें, "हा छोटा तुकडा इथेच असतो का?" जंपर! एकवीस वर्षांपूर्वीं बसविला तसा तो गुलामाच्या जागीं होता. पट्टीवर दुसरें कोणी नसतांनाही बिचारी मालकाची वाट पाहत होती. कन्येनें तो चिमट्यानें उचलून शेजारच्या टांचण्यांवर ठेवला. चिमटा तोच, सौभाग्यवतींस अद्यापि ठाऊक नाहीं.

घासलेल्या ध्वनि-तबकडीची एकेक जागा पुन्हां पुन्हां वाचून, अनेकदां एकच उत्तर आलें तरच तें खरें मानणारे प्रोग्रॅम असतात. तसला एक लावला. वेग अगदीं कमी ठेवला. डबी रात्रभर कण्हत होती. सकाळपर्यंत पंधरा ओव्या स्वच्छ निघाल्या. सोळाव्या ओवींत टक्, टक्, टक् असा ठोका पडतो, सेकंदाला तीनांहून थोडा अधिक. कडेच्या बाजूस तबकडी मिनिटाला सुमारें दोनशें फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यास आमच्या बॉलपेनाचा ओरखडा एकदां आडवा येतो, तो हा ठोका. सतराव्या ओवीचीं आठ सेकंदें मिळालीं. जात्याची घरघर, आजीनें घेतलेला एक श्वास, आणि पुढें कांहीं नाहीं. नातवंडांचीं नांवें त्या पुढें होतीं.

त्या पंधरा ओव्या आम्ही आतां दोन निरनिराळ्या साठवणींत, शिवाय काकांच्या घरीं, फायली म्हणून ठेवल्या आहेत, आणि सोळावी ठोक्यासकट ठेवली आहे. ठोका पुसून देतों असें मावसभाऊ म्हणाला होता, त्यास नको म्हटलें.

सतरावी मातोश्रींस पाठ असेल असें आम्हांस वाटलें होतें. त्यांचें वय आज ऐशीं आहे. त्यांनीं सकाळीं ऐकून घेतलें, नांवें कोणत्या क्रमानें होतीं तें बोटांवर मोजून सांगितलें (आमचें तिसरें), परंतु कन्येनें फोन पुढें धरतांच त्यांनीं हात हलविला. "असं बसून नाही येत गं," त्या म्हणाल्या. "हातात खुंटा नको का?" जातें गांवच्या घरीं जिन्याखालीं आहे. दोन्ही पाळीं धड आहेत, खुंटा मात्र वाळवीनें खाल्लेला निघाला. नवा करावयास सुतारास सांगितलें आहे. तो येत्या मंगळवारीं देतों म्हणाला.